मुलं झोपल्यावर आपण बसायचं कुठे?

मे महिन्याच्या सुट्टीची पत्रं यायला लागली आहेत, आणि यंदा बहुतेकांचा प्रश्न एकच आहे: मुलांना घेऊन कोकणात येतोय, खोली केवढी घ्यावी? उत्तर देण्याआधी एक सांगून टाकते. दापोली तालुक्यात आमच्या घरच्याच वाडीत चार खोल्या आम्ही पाहुण्यांना देतो. त्यामुळे ‘दोन खोल्या घ्या’ असं मी म्हटलं की त्यात माझ्यासारखीचा फायदा आहे, हे लक्षात ठेवूनच पुढचं वाचा.

प्रश्न : आम्ही चौघं. मी, नवरा, सात वर्षांचा मुलगा आणि सव्वादोन वर्षांची मुलगी. मुरूड किंवा कर्दे इथे चार रात्री राहायचं आहे. एका ठिकाणी ‘मोठी एसी फॅमिली रूम’ आहे, डबलबेड आणि खाली दोन गाद्या. दुसरीकडे जुन्या घरातल्या दोन लहान खोल्या, पुढे पडवी, पण एसी एकाच खोलीत. हे रोज नऊशे रुपयांनी महाग पडतंय. नवरा म्हणतो, खोलीत काय, झोपायलाच तर जायचं आहे. काय करू? (एक आई, डोंबिवली)

दोन खोल्या घ्या. पडवीवाल्या.

तुमच्या यजमानांचं म्हणणं डिसेंबरात चाललं असतं. मे महिन्यात समुद्रावर जायच्या वेळा दोनच, सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर. अकरा ते साडेचार वाळूवर पाय ठेववत नाही. एखादा दिवस हर्णै बंदर, एखादा दिवस आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, हे सगळं धरलं तरी जेवणानंतरची अख्खी दुपार तुम्ही खोलीतच असणार. शिवाय खरी पंचाईत दुपारी नाही, रात्री होते. सूर्य सातच्या सुमाराला बुडतो, आठ-सव्वाआठला जेवणं होतात, आणि दिवसभर पाण्यात खेळलेली सव्वादोन वर्षांची मुलगी नऊच्या आत आडवी होते. मग एका खोलीत राहिलेले आईबाप काय करतात? दिवा मालवून, मोबाइलचा उजेड कमी करून, पलंगाच्या दोन कडांना गप्प पडून राहतात. सात वर्षांच्या मुलाला झोप आलेली नसते, त्याला दर दोन मिनिटांनी ‘शूऽऽ’ करावं लागतं, आणि त्या शूऽऽनेच धाकटी उठते. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी कुटुंबांचा हाच कार्यक्रम मी बघते. पडवी असेल तर दार किलकिलं ठेवून तुम्ही दोघं बाहेर बसू शकता, मुलगा तुमच्यासोबत पत्ते खेळू शकतो, आणि आतली हालचाल ऐकूही येते. नऊशे रुपये त्या दोन तासांचे आहेत असं धरा.

आता ‘मोठी’ या शब्दाविषयी. खोली मोठी आहे म्हणणाऱ्याला फुटांत माप विचारा. दहा बाय बाराची खोली आमच्या भागात सर्रास मोठी म्हणून खपते. तिचा हिशेब करून बघा. सहा बाय साडेसहाचा पलंग लावला की बारा फुटांतले सहा गेले. उरलेल्या सहा फुटांत तीन-तीन फूट रुंदीच्या दोन गाद्या पडल्या की या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नुसतं अंथरूण. पायथ्याशी साडेतीन फुटांची पट्टी उरते, आणि तिच्यातच कपाट, तुमच्या बॅगा, बाहेरचं दार आणि बाथरूमचं दार. दुपारी मुलं ओल्या पायांनी न्हाणीघरातून आली की पहिला पाय गादीच्या कोपऱ्यावर. कापसाची गादी या दमट हवेत एकदा भिजली की तुमच्या मुक्कामात वाळत नाही, आणि त्यात वाळू शिरली की झटकूनही जात नाही. तेव्हा फोनवर सरळ विचारा: दोन्ही गाद्या टाकल्यावर रात्री बाथरूमला जायला वाट राहते का? मालक उत्तर द्यायला घुटमळला तर समजून जा.

दुसरं, नऊशेचा फरक काढताना गादीचे पैसे धरलेत का? सव्वादोन वर्षांच्या मुलीचे सहसा कोणी घेत नाही, पण सात वर्षांच्या मुलाच्या गादीचे बहुतेक ठिकाणी लावतात. समजा त्याचे पाचशे झाले, तर फरक चारशेवर येतो. आणि तरीही हात आखडत असेल तर मी म्हणेन चारऐवजी तीन रात्री राहा, पण अंग मोकळं करून राहा.

एसी एकाच खोलीत आहे याचं फार मनावर घेऊ नका. वळवाच्या पावसाचे ढग जमले की वीज जाते, हे मे महिन्यात गृहीतच धरायचं. इन्व्हर्टरवर पंखे आणि दिवे चालतात, एसी चालत नाही. त्या वेळी समोरासमोर खिडक्या असलेली कौलारू खोली बरी वाटते; स्लॅबखालची वरच्या मजल्यावरची खोली मध्यरात्रीपर्यंत तव्यासारखी तापलेली असते. दोन्ही मुलांना आधी एसीच्या खोलीत झोपवा, नंतर मुलाला उचलून दुसऱ्या खोलीत बापाजवळ न्या. ‘मुलांची खोली वेगळी, आमची वेगळी’ असं काही ठरवून येऊ नका. परक्या घरात, रात्री रातकिडे ओरडत असताना या वयाची मुलं एकटी झोपत नाहीत.

आणि एक गोष्ट जरूर विचारा. जुन्या घराच्या खोल्या केलेल्या असतात तेव्हा दोन खोल्यांच्या मध्ये बहुधा मूळचं एक दार असतं. पाहुणे वेगवेगळे येतात म्हणून ते बंद करून त्याला कपाट टेकवलेलं असतं. तुम्ही दोन्ही खोल्या घेताय, तर कपाट सरकवून ते उघडून द्या म्हणावं. आधी सांगितलंत तर कोणी नाही म्हणत नाही. रात्री नऊला पोहोचून सांगितलंत तर कपाट सरकवायला माणूस कुठून आणायचा?

प्रश्न : आम्ही तीन भावंडं कुटुंबांसह दिवेआगरला जाणार आहोत. मोठी सहा, मुलं पाच (चार ते अकरा वर्षांची) आणि आई, वय 74. तीन बेडरूमचा पूलवाला बंगला मिळतोय, ‘सोळा जण आरामात झोपतील’ असं सांगतात. की एकाच ठिकाणी चार खोल्या घ्याव्यात? (एक वाचक, पुणे)

सोळा जण झोपतील, यात शंका नाही. प्रश्न हॉलमध्ये कोण झोपणार हा आहे. हॉलमध्ये झोपणाऱ्याला शेवटचा माणूस गप्पा आवरून उठेपर्यंत अंथरूण घालता येत नाही, आणि सकाळी सहाला पहिलं पोर पाणी प्यायला उठलं की त्याची झोप संपते. घरातला कोणता भाऊ आणि कोणती वहिनी ‘आम्हाला काय, कुठेही चालतं’ म्हणणार हे तुम्हाला आत्ताच ठाऊक असेल. दर वेळी तेच म्हणतात. तेव्हा बंगला घेणारच असाल तर कुटुंबागणिक एक दार बंद करता आलं पाहिजे, आणि आईंना हॉलमधला दिवाण नको, तळमजल्यावरची खोली हवी, कमोड असलेल्या बाथरूमला लागून. बेडरूम तीनच असतील तर तुमचा हिशेब बसत नाही. चार खोल्या घ्या.

बारा माणसांमागे बाथरूम किती, हे बेडरूमच्या आधी विचारायचं. तीनपेक्षा कमी असतील तर सकाळी समुद्रावर जायला निघता निघता ऊन चढेल. गरम पाण्याचंही तेच. सोलरची टाकी संध्याकाळी समुद्रावरून आल्यावर पहिल्या पाच जणांत रिकामी होते. बाहेर नळ आणि मोकळी मोरी असलेलं घर पोरांसाठी उत्तम, वाळू तिथेच धुतली जाते.

पूलविषयी माझं मत कडक आहे. पूल जर पडवीच्या पायरीला लागून असेल आणि भोवती कठडा व कडीचं फाटक नसेल, तर चार वर्षांचं मूल असलेल्यांनी तो बंगला घेऊ नये. समुद्रावर सगळे डोळ्यांत तेल घालून असतात. घरात मात्र सहाही मोठ्यांना वाटतं की दुसरं कोणीतरी बघतंय.

आणि फोटो अलीकडचे मागवा. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात दिवेआगर-श्रीवर्धनकडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. दापोलीकडेही तेच झालं. पुन्हा लावलेल्या झाडांना सावली धरायला वर्षं जातात. जुन्या फोटोत गर्द वाडीतलं घर दिसतं आणि प्रत्यक्षात अंगण दुपारभर उन्हात असू शकतं. मुलं पाच आहेत, सावलीचं अंगण ही तुमची चौथी नाही तर पाचवी खोली आहे.

जेवणाचं आधी ठरवा. स्वयंपाकघर मिळतंय म्हणून बंगला घेतला की सुट्टी पुरुषांची होते आणि तिन्ही जावा-नणंदा पोळ्या लाटत बसतात. माणशी थाळी सांगा, लहानांना अर्धी थाळी मिळते का विचारा, आणि चार वर्षांच्याला बांगडा देऊ नका, काटे फार. त्याच्यापुरती सुरमईची तुकडी सांगा.

प्रश्न : बाळ आठ महिन्यांचं आहे, नुकतं रांगायला लागलंय. गणपतीपुळ्याला दोन रात्री. वरच्या मजल्यावरची सी-व्ह्यू मोठी खोली घ्यावी, की मागच्या बाजूची लहान? (एक वाचक, नाशिक)

मागची लहान. वर मी मोठ्या जागेची बाजू घेतली, पण तुमचं गणित वेगळं आहे. रांगत्या बाळाला खोलीचं क्षेत्रफळ नको, स्वच्छ फरशी हवी. पोहोचल्यावर पलंगावरची गादी खाली घ्या, पलंग भिंतीला उभा करून मिळतो का विचारा, आणि फरशी तुमच्यासमोर पुसून घ्या. वरच्या मजल्याच्या बाल्कनीला किती अंतराने गज आहेत हे फोटोत कळत नाही. समुद्राकडून रात्रभर येणारा वारा तुम्हाला आवडेल, बाळाच्या छातीला मानवेलच असं नाही. मागच्या बाजूला, विशेषतः झाडी असेल तर, संध्याकाळी डास असतात. मच्छरदाणी घरूनच आणा. गरम पाण्याची किटली खोलीत आहे का, तेवढं विचारून घ्या. रात्री दोनला स्वयंपाकघर उघडायला कोणी उठत नाही.

प्रश्न : मुलगा पंधरा, मुलगी बारा. तारकर्लीला हॉटेलवाले म्हणतात, चौघांना एक फॅमिली रूम पुरेल. (एक वाचक, कोल्हापूर)

पुरणार नाही. बारा वर्षांच्या मुलीला कपडे बदलायला दर वेळी बाप-भावाला बाहेर काढावं लागणं तिलाही नको असतं आणि ती ते बोलूनही दाखवत नाही. शेजारशेजारच्या दोन साध्या खोल्या घ्या, एकीत मायलेकी, दुसरीत बापलेक. एसी सोडावा लागला तरी चालेल. तारकर्लीत जमलं नाही तर पुढे देवबागेत बघा. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये चिंचोळी पट्टी. घरगुती खोल्या तिथे पुष्कळ आहेत. मुलगा रात्री जागा राहणार हे धरून त्याच्या खोलीची भिंत मालकाच्या झोपायच्या खोलीला लागून नको.

प्रश्न : रातराणीने पहाटे पाचला दापोलीत उतरतो, पण खोली दुपारी बाराला मिळते. दोन लहान मुलांना घेऊन सात तास कुठे काढायचे? (एक वाचक, बोरिवली)

आदल्या रात्री खोली रिकामी असेल तर बरेच जण अर्ध्या भाड्यात पहाटेच ती उघडून देतात. पण मे महिन्यातल्या शनिवार-रविवारी ती रिकामी नसते. अशा वेळी मालकाला सांगा की आम्हाला खोली नको, पडवी, एक संडास आणि सामान ठेवायला कोपरा द्या, चहा-पोह्यांचे पैसे वेगळे देतो. मुलं पडवीतल्या झोपाळ्यावर किंवा चटईवर झोपतात. हेही जमत नसेल तर रात्रीचा प्रवासच टाळा. सकाळी मुंबईहून सुटणारी मांडवी एक्स्प्रेस खेडला थांबते, जेवणाच्या वेळेआधी पोहोचवते, आणि खेडहून दापोलीला एसटी मिळते. घरी येईपर्यंत खोली झाडून तयार असते. फक्त खेडला उतरल्यावर एक फोन करा, म्हणजे ताटं तुमच्या वेळेला मांडता येतात.