लॅपटॉप आधी कपाटातून बाहेर काढा

प्रश्न : माझा मुलगा कॉम्प्युटर पदविकेच्या शेवटच्या वर्षाला आहे. टक्केवारी ७८ वरून ६१ वर आली, एक विषय राहिला. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत लॅपटॉपवर लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी फुकटची प्रणाली, टाकणं-काढणं चालतं. तिच्या आवृत्त्यांपैकी उबुंटू झालं, फेडोरा झालं, आर्च झालं, आता लिनक्ससारखीच दुसरी प्रणाली, फ्रीबीएसडी. आमच्या यंत्रमागाच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरही न विचारता लिनक्स टाकलं आणि हिशेबाचं टॅली बंद पडलं. महिन्यापूर्वी मी लॅपटॉप कपाटात कुलूपबंद केला. पुण्यातला एक क्लास ८५ हजारांत रेड हॅट कंपनीचं लिनक्स शिकवून नोकरीची हमी देतो. भाचा म्हणतो, उबुंटूच शिकव. मुळात जे फुकट मिळतं त्यासाठी पगार कोण देणार? तुम्ही एकच नाव ठामपणे सांगा, मी त्याला तेवढंच करायला लावतो. – एक पालक, इचलकरंजी

उत्तर : ‘तेवढंच करायला लावतो’ हे तुमचं वाक्य मला त्याच्या ६१ टक्क्यांपेक्षा जास्त काळजीचं वाटतं. पत्रात क्लासचं मत आहे, भाच्याचं आहे, तुमचंही आहे. मुलगा काय म्हणतो, हे कुठेच नाही. राहिलेला विषय कोणता, तेही तुम्ही लिहिलेलं नाही. तो गणिताचा असेल तर लिनक्सचा त्याच्याशी काय संबंध, आणि नेटवर्किंगचा असेल तर लॅपटॉप काढून घेऊन त्याचा अभ्यास कसा व्हायचा? कॉम्प्युटरच्या विद्यार्थ्याला महिनाभर कॉम्प्युटर नाही, ही शिक्षा त्याच्या अभ्यासालाच होते आहे. लॅपटॉप आज परत द्या. रात्री अकराला तो बंद व्हायला हवा आणि राहिलेल्या विषयाला रोज ठरलेले दोन तास मिळायला हवेत, ही अट जरूर घाला. पण घालताना त्याच्याशी बोला, त्याच्यावर लादू नका.

चूक मुलाचीही आहे, आणि ती लहान नाही. दुसऱ्याच्या कामाचं मशिन न विचारता, बॅकअप न घेता पुसणं कुठल्याही कंपनीत नोकरी घालवणारं आहे. हा परिच्छेद त्याला वाचायला द्या. लिनक्स इन्स्टॉल करायला आजकाल वीस-पंचवीस मिनिटं पुरतात, त्यात शिकण्यासारखं थोडं असतं. खरं शिक्षण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात सुरू होतं. अपडेटनंतर एखादी सेवा सुरूच होत नाही, मशिनच्या नोंदींच्या फाइली (लॉग) साचून डिस्क शंभर टक्के भरते, बाहेरची ये-जा अडवणाऱ्या फायरवॉलचा नियम चुकतो आणि आपणच मशिनबाहेर राहतो. अशा वेळी जो सगळं पुसून नवं काही टाकतो, तो दुरुस्ती कधीच शिकत नाही.

आता ‘फुकट’बद्दल. तुमच्यासारखा विचार करणारे खूप आहेत, म्हणून थोडं सविस्तर. सॉफ्टवेअर उतरवून घ्यायला पैसे लागत नाहीत. ते दहा वर्षं चालू, सुरक्षित आणि हिशेबात ठेवायला मात्र पैसे लागतात, आणि पगार त्याचाच मिळतो. रेड हॅट हाच व्यवसाय करते, आणि २०१९ मध्ये आयबीएमने ती कंपनी ३४ अब्ज डॉलरला विकत घेतली. मोठ्या कंपन्यांच्या कारभाराचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या सॅपचा हाना डेटाबेस लिनक्सवरच चालतो, तोही सुसे (रेड हॅटसारखीच लिनक्स कंपनी) किंवा रेड हॅटच्या एंटरप्राइज आवृत्तीवर असेल तरच सॅप त्याची जबाबदारी घेते. म्हणून मोठ्या कंपन्या तिथे आनंदाने वर्गणी भरतात. उलट उदाहरण सेंटओएसचं. रेड हॅटचीच ही बिनपैशांची आवृत्ती असंख्य सर्व्हरवर होती. सेंटओएस ८ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार असं धरून लोकांनी ते बसवलं. डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं की ते २०२१ अखेर बंद. मग ते सर्व्हर अल्मालिनक्स, रॉकी अशा तिच्यासारख्याच बिनपैशांच्या आवृत्त्यांवर किंवा दुसरीकडे हलवावे लागले. ज्यांना एकाच कंपनीच्या आज्ञा पाठ होत्या ते तिथे अडले, ज्यांना आतली रचना कळत होती त्यांना काम मिळालं. तुम्ही मागितलेलं ‘एकच नाव’ म्हणूनच मी देणार नाही.

फ्रीबीएसडीची आवडही वेडेपणा समजू नका. नेटफ्लिक्स ज्या सर्व्हरांवरून जगभर व्हिडिओ पोचवतं, त्यांवर फ्रीबीएसडीच चालते. तिची हँडबुक, म्हणजे माहितीपुस्तिका, नीट वाचलेल्या मुलाचा पाया पक्का होतो. भारतातल्या जाहिरातींत मात्र हे नाव क्वचित दिसतं, त्यामुळे ती त्याने छंद म्हणून ठेवावी.

आता माझा सल्ला. त्याला नवा क्लास देण्याआधी तुमच्या ऑफिसची जबाबदारी द्या, वर्षभरासाठी, लेखी. पत्रात तुम्ही मशिनचं वय दिलेलं नाही, पण अनेक लहान ऑफिसांत २०१२-१३ च्या सुमाराचे पीसी असतात, तसे ते आहेत असं धरतो. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, म्हणजे इतक्या जुन्या पीसींवर ते बसणार नाही. टॅली विंडोजवरच चालतं. जीएसटीच्या डिजिटल सहीचं टोकनही तिथेच ठेवलेलं बरं. तेव्हा त्या दोन्हींसाठी एक नवं विंडोज मशिन घ्या आणि त्याला मुलाने हात लावायचा नाही. पत्रव्यवहाराच्या पीसीवर लिनक्स मिंट २२ पुरेल, त्याला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट आहेत. पण आधी पेनड्राइव्हवरून ते चालवून प्रिंटर आणि स्कॅनर दोन्ही तपासावेत, कारण काही लेझर प्रिंटरना वेगळा ड्रायव्हर लागतो. कृतिदेव किंवा श्रीलिपीतली जुनी मराठी पत्रं उघडली की अक्षरांऐवजी गिचमिड दिसेल. ती युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागतील. हे आधी न सांगितल्यास तुमचे कारकून दुसऱ्याच दिवशी विंडोज परत मागतील.

राहिलेल्या जुन्या पीसीचा सर्व्हर करावा. रेड हॅट १० आणि रॉकी १० ना साधारण २०१३ नंतरच्या, इंटेल हॅसवेल किंवा पुढच्या पिढीचा प्रोसेसर लागतो. त्याआधीच्या आय-थ्रीवर त्या चालणारच नाहीत. लिनक्सचीच आणखी एक आवृत्ती असलेलं डेबियन १३ कोणत्याही ६४-बिट मशिनवर चालतं आणि त्याला २०३० पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतील, म्हणून इथे डेबियन. आठ जीबी रॅम, एक टीबीच्या दोन नव्या डिस्क आरशासारख्या, म्हणजे दोन्हींवर तोच मजकूर राहील अशा जोडून, डेस्कटॉप न टाकता फक्त एसएसएच (दुसऱ्या मशिनवरून आज्ञा देण्याची सोय). विंडोज आणि लिनक्सच्या मशिननी एकच फाइली वापरण्यासाठी साम्बा. इथे नवखे दोन ठिकाणी हमखास अडतात. साम्बाचा पासवर्ड लिनक्सच्या पासवर्डपेक्षा वेगळा द्यावा लागतो. आणि एका कारकुनाने केलेली फाइल दुसऱ्याला बदलता येत नाही, त्यासाठी सगळ्यांचा एक ग्रुप करून त्याला फाइल बदलण्याची परवानगी द्यावी लागते आणि फोल्डरला सेटजीआयडी, म्हणजे नव्या फाइली त्याच ग्रुपच्या नावावर ठेवणारी खूण, लावावी लागते. सर्व्हरचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, राउटरमध्येच राखून ठेवावा, नाहीतर एक दिवस तो प्रिंटरला जातो आणि सकाळी कोणालाच काही सापडत नाही. यूपीएस यूएसबीने जोडून सर्व्हरवर त्याची देखरेख करणारं सॉफ्टवेअर बसवलं, तर वीज जाऊन बॅटरी संपत आली की सर्व्हर आपोआप नीट बंद होतो.

बॅकअपसाठी तिसरी, बाहेरची डिस्क हवीच. आरशाच्या दोन डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून त्याच क्षणी जाते. या डिस्कची नोंद एफएसटॅबमध्ये (सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या त्याची यादी) करताना ‘नोफेल’, म्हणजे डिस्क नसली तरी पुढे जा ही सूचना, विसरला, तर डिस्क काढलेली असताना सर्व्हर इमर्जन्सी मोडमध्ये अडकून बसेल. टॅलीचा रोजचा बॅकअप इथे यावा, आणि दर महिन्याला त्यातली एक फाइल परत आणून त्याने तुम्हाला दाखवावी. प्रत्येक बदल तारखेसह वहीत लिहावा: काय केलं, का केलं, बिघडल्यास मागे कसं जायचं. मुलाखतीत ही वही क्लासच्या प्रमाणपत्राहून जास्त बोलेल.

परीक्षांचे रस्ते ठाऊक असतीलच: पदविकेनंतर थेट दुसऱ्या वर्षाला पदवी, पुढे सी-कॅट ही प्रवेश परीक्षा देऊन सी-डॅक या सरकारी संस्थेचा सिस्टिम आणि सुरक्षेचा अभ्यासक्रम. रेड हॅटची आरएचसीएसए ही प्रमाणपत्र परीक्षा द्यायची झाली तर तिथे पर्याय निवडायचे नसतात, मशिनवर काम करून दाखवावं लागतं. ३०० पैकी २१० गुण हवेत आणि केलेलं काम मशिन पुन्हा सुरू केल्यावरही टिकलं पाहिजे. सरावासाठी रेड हॅट व्यक्तींना १६ मशिनपर्यंत विनामूल्य परवाना देते. एसईलिनक्स, म्हणजे लिनक्समधला सुरक्षेचा पहारेकरी, अडवतं म्हणून ते बंद करण्याची सवय लागली असेल तर ती आधी मोडावी, परीक्षेत तोच घटक आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियलवर लिनक्सचे धडे मराठीतूनही आहेत, तेही विनामूल्य.

क्लासचे ८५ हजार आत्ता भरू नका. हमी खरी असेल तर करारात तीन गोष्टी लिहून मागा: किमान पगार किती, कामाचं स्वरूप काय, आणि नोकरी न मिळाल्यास किती दिवसांत किती पैसे परत. सही मिळाली तरीही, राहिलेला विषय सुटल्यानंतरच विचार करा, आणि तो कागद आधी मुलाला वाचायला द्या.