फोमचे इअरप्लग घातले तरी आवाज येतो, मग घालायचे कशाला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: प्रेस आणि ग्राइंडिंगच्या खात्यात नवीन लागलात, फोमचे प्लग मिळाले, पण ते घातले तरी आवाज येतो, अर्ध्या तासात आपोआप बाहेर सरकतात, समोरचा काय बोलतो ते कळत नाही. त्यात जुनी मंडळी म्हणतात, ‘काही नाही, सवय होते.’

सवयीपासूनच सुरुवात करतो, कारण मलाही पहिल्या आठवड्यात हेच सांगितलं होतं. एकवीस वर्षं प्रेस शॉपमध्ये काढली. सवय होते, यात खोटं काही नाही. फक्त तिला सवय म्हणणं चूक आहे.

आपल्या कानाच्या आत, गोगलगायीच्या शंखासारख्या वळलेल्या भागात, केसासारखी टोकं असलेल्या पेशी असतात. एका कानात साधारण पंधरा हजार. आवाजाने त्या हलतात आणि मेंदूकडे निरोप जातो. मोठा आवाज तासन्‌तास चालू राहिला की त्या थकतात. सुरुवातीला तुम्हाला हे कळतं: शिफ्ट सुटल्यावर कानाला दडे बसल्यासारखं वाटतं, गुंई आवाज येतो, घरी टीव्ही नेहमीपेक्षा मोठा लावावा लागतो. सकाळी उठलात की सगळं ठीक. पण असं रोज होत राहिलं तर काही पेशी कायमच्या मरतात. पक्ष्यांमध्ये त्या नव्याने उगवतात, माणसात उगवत नाहीत. पुरेशा मेल्या की मशीनचा आवाज पूर्वीइतका टोचत नाही. त्यालाच जुनी माणसं सवय म्हणतात.

यात फसवणूक अशी की आधी जातं ते ऐकणं बारीक, तीक्ष्ण आवाजांचं असतं. ऑडिओमेट्रीचा, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा, आलेख काढला तर गोंगाटाने बिघडलेल्या कानात ४००० हर्ट्‌झच्या आसपास खड्डा दिसतो, म्हणजे तेवढे तीक्ष्ण आवाज कमी ऐकू येतात. बोलण्याचा जाडसर भाग, म्हणजे स्वर, नीट ऐकू येतात. स, श, फ, थ असली हवेची अक्षरं गळतात. घरचे मला म्हणतात, तुम्ही ऐकत नाही. ऐकतो मी सगळं, पण कळत नाही. फोनवर कोणी ‘सात’ म्हणालं की ‘सात का आठ’ हे मी दोनदा विचारतो. शेजारच्या खोलीतला माणूस बोलतोय एवढं समजतं, काय बोलतोय ते नाही.

आणि हे मी प्लग घालत असून झालं, म्हणून तर एवढं लांबलचक लिहितोय.

माझं मशीन भिंतीलगत होतं, त्यामुळे जो कोणी यायचा तो डाव्या बाजूने. हेल्पर, सुपरवायझर, क्वालिटीवाला. मी डावा प्लग काढायचो, बोलणं ऐकायचो, परत घालायचो. दिवसातून सात-आठ वेळा, दर वेळी चार मिनिटं धरा. एवढ्याने काय होतंय? पुढे तपासणी झाली तेव्हा उजव्या कानाचा खड्डा उथळ निघाला आणि डाव्याचा विहिरीसारखा. तपासणाऱ्या बाईंनी आलेख बघून विचारलं, ‘डावा प्लग काढून बोलता का?’ मला वाटलं यांना कसं कळलं!

याचा हिशोब सोपा आहे, पण पहिल्यांदा पटत नाही. समजा प्लग अगदी आदर्श बसलाय आणि ३० डेसिबल (आवाज मोजायचं माप) अडवतोय. आठ तासांच्या शिफ्टमध्ये सगळा मिळून फक्त अर्धा तास तो कानात नव्हता. वाटतं, २८ तरी मिळाले असतील. प्रत्यक्षात दिवसभराचं संरक्षण १२ डेसिबलवर येतं. दोन तास काढला तर ६. कारण डेसिबल सरळ बेरजेने चालत नाही: ३ डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते. उघड्या कानाने घेतलेला अर्धा तास बाकीच्या साडेसात तासांच्या कैक पट भरतो. कामगारांच्या सुरक्षिततेवर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या ‘नायॉश’ या संस्थेची मर्यादाही याच हिशोबावर आहे: ८५ डेसिबलला आठ तास, ८८ ला चार, ९४ ला एक तास, १०० ला फक्त पंधरा मिनिटं. मीटर नसेल तर एक ढोबळ खूण आहे. हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलायला ओरडावं लागत असेल, तर बहुधा तुम्ही ८५ च्या वर आहात.

आता तुमचे प्लग बाहेर का येतात. नव्वद टक्के खात्रीने सांगतो, ते मुळात आत गेलेलेच नाहीत. कानाच्या तोंडाशी बूच मारल्यासारखे बसवलेत. मीही पहिली दोन वर्षं बोटांनी चेपून गोळी करायचो आणि ती दाबून बसवायचो. गोळी आत जातच नाही. एका फिटरने एक दिवस माझे दोन्ही प्लग काढून टाकायला लावले आणि नवे घेऊन समोर उभं राहून शिकवलं. तसंच सांगतो.

आधी हात धुवा. प्लग अंगठा आणि पहिल्या दोन बोटांत धरून वात वळावी तसा वळायचा. आधी हलका, मग दाब वाढवत, शक्य तितका बारीक, आणि त्यावर चुणी पडता कामा नये. चुणी राहिली की फुगल्यावर तिथे फट राहते आणि आवाज फटीतूनच येतो. मग उजव्या कानासाठी डावा हात डोक्यावरून मागून न्यायचा आणि कानाचा वरचा भाग धरून वर आणि थोडा मागे ओढायचा. ही पायरी लोक सोडतात आणि सगळं तिथेच बिघडतं. कानाची नळी सरळ नसते, वळण घेऊन आत जाते, साधारण अडीच सेंटिमीटर. कान ओढला की ती सरळ होते आणि वळलेला प्लग एका झटक्यात सुर्रकन आत सरकतो. मग बोट त्यावर ठेवून तीस-चाळीसपर्यंत आकडे मोजायचे. घाईत हात काढलात तर फोम फुगता फुगता स्वतःलाच बाहेर ढकलतो. तुमचं अर्ध्या तासात बाहेर येणं हेच असावं.

फोमची सगळी करामत या सावकाश फुगण्यातच आहे. कानात घालायचे बोळे जुनेच. १९०७ मध्ये जर्मनीत माक्स नेगवर या औषधविक्रेत्याने मेण आणि कापसाचे बनवले होते. पण दाबल्यावर हळूहळू मूळ आकारात येणारा पदार्थ मिळाला तो १९६७ च्या सुमारास, अमेरिकेत रॉस गार्डनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना, आणि तेही सांधे बंद करण्यासाठीचं काहीतरी शोधताना. १९७२ पासून त्याचे प्लग विकायला आले. थंडीत यातले काही प्लग कडक होतात आणि फुगायला वेळ लावतात. मुठीत मिनिटभर धरून गरम करा.

बसला की नाही ते कसं ओळखायचं? आरशात समोरून बघा. प्लगचं टोक कानाबाहेर डोकावत असेल तर कमी गेलाय. मोठ्या आवाजात उभं राहून दोन्ही तळवे कानांवर घट्ट धरा आणि सोडा. आवाजात फारसा फरक पडला नाही तर प्लग बसलाय. तळव्याने आवाज बराच कमी झाला तर गळती आहे, काढून पुन्हा. तिसरी खूण म्हणजे स्वतःचा आवाज माठात बोलल्यासारखा घुमला पाहिजे. हे घुमणं नव्या माणसाला नकोसं वाटतं आणि तो प्लग थोडा बाहेर ओढतो. उलट करा. बाहेरच्या मऊ भागात बसलेला प्लग जास्त घुमवतो, खोल गेला की घुमणं कमी होतं.

एवढं करूनही निसटत असेल तर माप बदला. लहान नळीच्या कानात मोठा प्लग टिकत नाही, आणि दोन कानांचं माप वेगळं असू शकतं. जेवल्यावर, खूप बोलल्यावर पुन्हा तपासा. जबडा हलला की नळीचा आकार बदलतो आणि प्लग हळूहळू सैल होतो.

‘घातला तरी आवाज येतो’ याचं उत्तर असं की तो यायलाच हवा. पाकिटावरचा एनआरआर (प्लग किती डेसिबल अडवतो तो आकडा), समजा ३३, हा प्रयोगशाळेतला आकडा आहे. तिथे जाणकार माणूस प्लग नीट बसवून देतो. कामावर तेवढं मिळत नाही. अमेरिकेत वापरतात तो सावध हिशोब म्हणजे आकड्यातून ७ वजा करून उरलेल्याचं निम्मं, म्हणजे ३३ चे १३. खात्यात ९५ असतील तर कानापर्यंत ८२. ८२ म्हणजे शांतता नव्हे, पण आठ तास काढता येतात. प्लगवर मफ (कानावर बाहेरून लावायचे कप) चढवला तरी दोघांच्या आकड्यांची बेरीज होत नाही, जास्तीवाल्याच्या वर साधारण ५ मिळतात. आणि फार अडवणंही चांगलं नाही. फोर्कलिफ्टचा भोंगा ऐकू न येणारा माणूस मी पाहिलाय; थोडक्यात वाचला.

बोलणं कळत नाही ही तुमची तक्रार मात्र मला अर्धीच मान्य आहे. ज्याचे कान शाबूत आहेत त्याला खऱ्या गोंगाटात प्लग घातल्यावर बोलणं तेवढंच किंवा थोडं बरंच कळतं, कारण मशीन आणि माणूस दोघांचेही आवाज सारखेच खाली येतात आणि कान भरून गेलेला नसतो. अडचण बोलणाऱ्याकडे असते. त्याने प्लग घातलेत, त्याला स्वतःचा आवाज घुमून मोठा वाटतो, म्हणून तो नकळत हळू बोलतो. त्याला सांगा, ‘जोरात बोल, तोंड दिसू दे.’ आम्ही शेवटी हातखुणा ठरवल्या होत्या: मशीन बंद, माल संपला, साहेब आला. पाच-सहा खुणांत निम्मं बोलणं भागतं. बाकीचं बोलायला दाराबाहेर जायचं आणि तिथे प्लग काढायचे. मशीनजवळ उभं राहून एक कान उघडा करायचा नाही, हे माझ्या डाव्या कानाकडून ऐका. (ज्याचे कान आधीच गेलेत त्याला फोमच्या प्लगमध्ये खरंच जास्त त्रास होतो, कारण फोम तीक्ष्ण आवाज जास्त अडवतो आणि ते त्याला तसेही कमीच पोचतात. त्याच्यासाठी जाडे आणि तीक्ष्ण, सगळे आवाज सारखेच अडवणारे वेगळे प्लग असतात.)

ग्राइंडिंगमध्ये आहात म्हणून आणखी एक: तेलकट, कण लागलेल्या बोटांनी फोम वळू नका. लोखंडाचा भुगा फोममध्ये रुततो आणि थेट कानात जातो. प्लग खात्यात शिरण्याआधी घाला. फोमचे प्लग धुऊन धुऊन महिनाभर वापरायचे नसतात; मळले, कडक झाले, फुगायचे थांबले की फेका. टोचतो म्हणून अर्धा कापून घालणारेही असतात, त्याने काहीच साधत नाही. कापसाच्या बोळ्यानेही नाही. आणि आवाज झाकायला मोबाइलचे इअरफोन लावून वर गाणी मोठी करणं, याला मी तरी कानाचं कर्जच म्हणेन.

काढताना खसकन ओढू नका. हळू पिळत पिळत हवा आत येऊ द्या, नाहीतर पडद्याला ओढ बसते. कान वाहत असेल, दुखत असेल, पडद्याला भोक असेल किंवा नुकतं ऑपरेशन झालं असेल तर प्लग घालू नका. तेवढे दिवस मफ वापरता येईल का ते डॉक्टरांना विचारा. मळाचा खडा असेल तर प्लग त्याला आणखी आत ढकलतो. तो आधी काढून घ्या, तोही काडीने नव्हे.

तुम्ही नवीन आहात, तर आत्ताच एकदा ऑडिओमेट्री करून आलेख जपून ठेवा. पुढे दरवर्षीचा त्याच्याशी ताडून बघता येतो. माझ्याकडे पहिल्या वर्षाचा आलेखच नाही, त्यामुळे काय आणि केव्हा गेलं ते कोणीच सांगू शकत नाही. टेस्टच्या आधी निदान १४ तास गोंगाटापासून लांब राहा, म्हणजे आदल्या शिफ्टचा थकवा आलेखात उतरणार नाही. सुट्टीनंतरची सकाळ त्यासाठी बरी.