इंग्रजी माध्यम असलं तरी तुर्की शिकूनच निघा

तुम्ही विचारलंय: अंकाऱ्यात इंग्रजी माध्यमाच्या मास्टर्सला प्रवेश मिळालाय, सप्टेंबरात निघायचंय, तर तुर्की शिकायची खरंच गरज आहे का, कागदपत्रं कोणत्या क्रमाने करायची, आणि घरी मांस-मासे न शिजणाऱ्याचं तिथे जेवणाचं काय. भाषेपासून सुरुवात करू, कारण बाकीचे दोन्ही प्रश्न तिच्यातच अडकलेत.

इंग्रजी वर्गाच्या दारापर्यंतच असते. विद्यार्थ्यांची कागदपत्रं सांभाळणारं कार्यालय (ओरेन्जी इश्लेरी), वसतिगृहाचा रखवालदार, दवाखाना, आठवडी बाजार, सगळीकडे तुर्कीच. पण मराठी माणसाला ही भाषा फार जड जात नाही. क्रियापद शेवटी येतं आणि विभक्तीसारखे प्रत्यय शब्दाला चिकटतात: एव म्हणजे घर, एवदे घरात, एवदेन घरातून. ‘गेल्दी’ म्हणजे आला, समोर पाहिलेलं. ‘गेल्मिश’ म्हणजे आला म्हणे, ऐकीव. हा ‘म्हणे’ इंग्रजीतून शिकवताना पान-पान समजावावं लागतं, आपल्याला तो आयता मिळतो. किताप, कालेम, साबुन, मेयदान हे शब्द ओळखीचे आहेतच. फसवणारेही आहेत: मिसाफिर म्हणजे पाहुणा, प्रवासी नव्हे, पेयनिर म्हणजे खारट चीज, आपलं पनीर नव्हे. लिपी 1928 पासून रोमन आहे. सी या अक्षराचा उच्चार ज, खाली शेपटी असलेल्या सीचा च. बिंदू असलेला आणि नसलेला आय ही दोन वेगळी अक्षरं आहेत. पहिल्याच आठवड्यात हे घोकून टाका, नाहीतर नकाशावर पत्तासुद्धा सापडत नाही. युनूस एम्रे इन्स्टिट्यूटचं ऑनलाइन पोर्टल मोफत आहे. निघण्याआधी एटू पातळी, म्हणजे रोजच्या साध्या बोलण्यापुरती भाषा, गाठता आली तर उत्तम.

आता कागद. पदवी आणि मार्कशीटवर आधी राज्य पातळीवरचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल (परदेशात चालणारं प्रमाणीकरण), हे भारतातच उरकून घ्या. तिकडून पुन्हा पाठवत बसणं म्हणजे महिने वाया. तुर्की भाषांतर मात्र तिथे गेल्यावर शपथबद्ध अनुवादकाकडून करून घ्या आणि नोतेरचा, म्हणजे नोटरीचा, शिक्का मारून घ्या. विद्यार्थी व्हिसावर उतरल्यावर महिन्याभराच्या आत निवास परवान्याचा, म्हणजे इकामेतचा अर्ज ऑनलाइन भरायचा. पासपोर्ट, चार बायोमेट्रिक फोटो, विद्यापीठाचा दाखला, आरोग्य विमा, पत्त्याचा पुरावा आणि कार्डाची फी एवढं लागतं. बहुतेकांचं पत्त्यावर अडतं: साध्या कागदावरचा भाडेकरार चालत नाही, तो नोतेरकडून प्रमाणित लागतो. म्हणून पहिली सहामाही वसतिगृहात काढा, तिथलं पत्र पुरतं. कार्ड हातात आलं की वीस कामकाजी दिवसांत न्युफुस (लोकसंख्या नोंदणी) कार्यालयात पत्ता नोंदवायचा. हे पुष्कळ जण विसरतात. तुमचा ओळख क्रमांक 99 ने सुरू होईल. बँक, दवाखाना, सरकारी संकेतस्थळ, सगळीकडे तोच.

दोन मुदती भिंतीवर लिहून ठेवा. सरकारी आरोग्य विमा विद्यार्थ्याला घेता येतो, पण विद्यापीठात पहिली नोंदणी झाल्यापासून तीन महिन्यांच्या आतच. ती संधी गेली तर त्या शिक्षणापुरतं दार बंद, मग खासगी विमाच. दुसरी मुदत फोनची. भारतातून आणलेला फोन तुर्की सिमवर 120 दिवस चालतो, नंतर त्याची नोंदणी केली नाही तर नेटवर्क बंद होतं, वायफाय तेवढं राहतं. नोंदणीची फी हजारो लिरा आहे आणि दर जानेवारीत वाढते. महागडा फोन नवा घेऊन जाण्याआधी याचा हिशेब करा.

अभ्यासात घाबरण्यासारखं काही नाही, पण हजेरी गांभीर्याने घ्या: तासांना साधारण 70 टक्के, प्रयोगांना 80. सहामाहीच्या मधल्या परीक्षेला ‘विझे’ म्हणतात, आणि व्हिसालाही तोच शब्द. कार्यालयात बोलताना कोणती विझे ते आधी स्पष्ट करा. प्रबंधासह मास्टर्सला किमान सात विषय, एक सेमिनार आणि प्रबंध असतो, जास्तीत जास्त सहा सहामाह्या मिळतात. मार्गदर्शक लवकर ठरवला नाही की तिसरी सहामाही नुसती वाट पाहण्यात जाते.

प्राध्यापकांना नावाने हाक मारू नका, ‘होजाम’ म्हणा. ग्रंथपालापासून सहाध्यायापर्यंत कुणालाही तेच चालतं. काम करत असलेल्याच्या जवळून जाताना ‘कोलाय गेल्सिन’ म्हणायचं, म्हणजे काम सोपं जावो. हा एक शब्द जितकी दारं उघडतो तितकं कुठलंही ओळखपत्र उघडत नाही. मान वर करून भुवया उंचावत जिभेने ‘च्’ केलं तर तो नकार असतो. आपण मान डोलावतो ती मात्र त्यांना कळत नाही, तेव्हा हो-नाही तोंडाने सांगा. घरी बोलावलं तर बूट दारातच काढा, देतील त्या सपाता घाला, आणि रिकाम्या हाताने जाऊ नका, थोडं गोड न्या. चहा कमरेशी बारीक असलेल्या काचेच्या पेल्यात येतो आणि पेला रिकामा झाला की पुन्हा भरला जातो. पुरे झालं की चमचा पेल्याच्या तोंडावर आडवा ठेवायचा. ‘नको’ म्हणत राहिलात तर तो संकोच समजला जातो. 10 नोव्हेंबरला सकाळी 9.05 ला भोंगे वाजतात आणि तुर्की प्रजासत्ताकाचा संस्थापक अतातुर्क याच्या स्मरणार्थ रस्ता थांबतो. तुम्हीही जिथे असाल तिथे उभे राहा.

जेवणाचं: ‘एत’ म्हणजे लाल मांस. ‘एत खात नाही’ म्हटलं की समोर कोंबडी येऊ शकते. ‘एत, तावुक (कोंबडी), बालिक (मासे), तिन्ही नाही’ असं म्हणा, आणि ‘एत सुयू’ म्हणजे मांसाचं पाणी आहे का तेही विचारा, कारण मसुराचं सूप आणि पिलाव दोन्हींत ते सापडतं. विद्यापीठाच्या मेसमध्ये, येमेकहानेत, रोजचा मेनू आधी लावलेला असतो. तिथे ‘झेयतिनयाली’ हा शब्द शोधा: ऑलिव्ह तेलात शिजवून थंड वाढलेली भाजी, बिनमांसाची. गरम सारमात (पानात सारण गुंडाळलेल्या पदार्थात) बहुधा खिमा असतो, थंड सारमात भात. वांग्याचंही तसंच: इमाम बायिल्दी चालेल, दिसायला तसंच कार्नियारिक चालणार नाही, त्यात खिमा भरलेला असतो. हिंग, गोडा मसाला आणि तूरडाळ सोबत न्या. कुकर नेऊ नका, तिथे ‘दुदुक्लू तेंजेरे’ मिळतो, अक्षरशः शिट्टीचं भांडं.