वाचकांचे प्रश्न : बोडीला जावं का?

प्रश्न : आम्ही कॅलिफोर्नियात सनीव्हेलला राहतो. ऑगस्टमध्ये पुण्याहून सासू-सासरे येतायत, योसेमिटी बघायचं ठरलंय. नवऱ्याला तिथून पुढे बोडीला जायचंय, ते सोन्याच्या खाणीचं ओसाड गाव. सासरे म्हणतात पडकी घरं बघायला एवढं लांब कशाला, आपल्याकडे काय कमी आहेत का. शिवाय सासूबाईंचे गुडघे दुखतात. काय करू?

उत्तर : ताई, जाच. सासऱ्यांचं म्हणणं पटण्यासारखं आहे, मीपण जायच्या आधी हेच म्हणत होते, पण बोडीत भिंतींपेक्षा आतलं सामान बघायचं असतं हो. बहुतेक घरांना कुलूप, त्यामुळे काचेला नाक लावून बघायचं. शाळेत बाकांवर पुस्तकं, पृथ्वीचा गोल, फळा. दुकानात फळ्यांवर डबे. एका स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी मी किती वेळ उभी होते, टेबलावर भांडी, वॉलपेपर सोलून लोंबतोय, सगळ्यावर धुळीचा जाड थर आणि त्यावर उन्हाचा एक पट्टा. कुणीतरी बाई इथे रोज चूल पेटवत होती आणि एक दिवस उठून गेली, एवढंच डोक्यात येत राहिलं.

सामान टाकून का गेले? कारण न्यायचं कसं! गावाला रेल्वे होती, पण ती मोनो मिल्स या लाकूड कापायच्या ठिकाणाहून लाकूड आणण्यापुरती, बाहेरच्या रेल्वेला कधी जोडलीच नाही. गाडीत मावेल तेवढं नेलं, बाकी तिथेच.

सासऱ्यांना इतिहास आवडत असेल तर वाटेत एवढं सांगा. १८५९ मध्ये बोडी नावाच्या माणसाला इथे सोनं सापडलं आणि तो त्याच हिवाळ्यात हिमवादळात गेला, गाव वसलेलं त्याने बघितलंच नाही. नंतर बरीच वर्षं विशेष काही नाही, मग १८७५ च्या सुमारास खाणीचा भाग ढासळला आणि आत सोन्याने भरलेला दगड उघडा पडला, १८७७ मध्ये स्टँडर्ड ही खाण कंपनी आली आणि १८८० पर्यंत सात-आठ हजार लोकं! पुढे तेवढ्याच भराभर गाव रिकामं होत गेलं. १८९२ आणि १९३२ ला मोठ्या आगी लागल्या, १९४२ मध्ये युद्धामुळे सरकारने सोन्याच्या खाणी बंद करायला लावल्या. मधल्या काळात, गावातली बरीच जमीन ज्यांची होती त्या केन कुटुंबाने राखणदार ठेवले म्हणून तरी हे वाचलं, १९६२ पासून स्टेट पार्क आहे. आता शंभरच्या वर इमारती उभ्या आहेत, मूळ गावाच्या जेमतेम पाच टक्के.

आणि ठेवलंय कसं ते बघा. घर नवं करायचं नाही, पडूही द्यायचं नाही. छप्पर, खिडक्या, पाया सांभाळतात, बाकी जसं सापडलं तसं. भिंतींवर डबे चेपून खिळ्यांनी मारलेले पत्रे दिसतील, ते तिथल्या लोकांनीच वारा अडवायला मारलेत. मला तर रंगरंगोटी केलेल्या वाड्यांपेक्षा हे जास्त खरं वाटलं.

आता गुडघ्यांचं. गाव उतारावर आहे, वाटा मातीच्या, पण सावकाश फिरलं तर जमतं. जास्त काळजी उंचीची, ८,३७९ फूट म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा जवळजवळ ३,००० फूट वर, दम लागतो. आदल्या रात्री जवळच्या ली व्हाइनिंग गावात मुक्काम करा, तिथून ३१ मैल. शेवटचे ३ मैल कच्चा रस्ता, गाडी नुसती खडखडते. गावात खायला काही नाही, पेट्रोल नाही, सावली जवळजवळ नाही. पाणी, टोप्या, दशम्या-चटणी सोबत घ्या आणि ऑगस्ट असला तरी स्वेटर.

प्रश्न : मुलाने बोडीहून गंजका खिळा खिशात घालून आणला, घरी आल्यावर कळलं. आता कुणीतरी म्हणतंय तिथली वस्तू आणली की शाप लागतो. खूप घाबरलेय.

उत्तर : शापाला घाबरू नका, पण खिळा परत पाठवा. पार्कच्या पत्त्यावर पोस्टाने, सोबत मुलाच्या हाताने लिहिलेली दोन ओळींची चिठ्ठी. अशी माफीची पत्रं तिथे पुष्कळ येतात, काही म्युझियममध्ये लावलेली आहेत. मुलाला रागावू नका, फक्त सांगा की प्रत्येकाने एकेक खिळा आणला तर पुढच्या मुलाला बघायला काय उरणार.

प्रश्न : डिसेंबरच्या सुट्टीत जाता येईल का?

उत्तर : पार्क वर्षभर उघडं असतं पण बर्फ पडला की रस्ता बंद, मग स्की नाहीतर स्नोमोबाइल. योसेमिटीहून येणारा घाट, टायोगा पास, तोही तेव्हा बंद असतो. लहान मुलं असतील तर जूनच्या शेवटापासून सप्टेंबरपर्यंत कधीही जा, आणि सकाळी गेट उघडताना पोचा, तेव्हा गर्दी नसते आणि वाऱ्याने पत्रे वाजलेले ऐकू येतात.