दिवाळीआधी घराला रंग काढायचाय : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात रंगाबद्दलची पत्रं भरपूर आलीयत, दिवाळी तोंडावर आली की हे होतंच. आमचं रंगाचं दुकान कोल्हापुरात, वडिलांच्या काळापासूनचं, आणि मी स्वतः २० वर्षं काउंटरला बसते, मशीनवर शेड काढून देते, अडलं तर गिऱ्हाईकाच्या घरी जाऊन भिंत बघून येते. जे बघितलंय त्यावरूनच सांगते.

प्रश्न : ताई, आमचं घर चिपळूणला, जुनं, चिऱ्याचं. २०२१ च्या जुलैतल्या पुरात खालच्या मजल्यावर पाणी होतं. त्यानंतर तीनदा रंग काढून झाला पण हॉलच्या एका भिंतीला खालून अडीच फुटापर्यंत दरवर्षी पोपडे येतातच. आता पेंटर म्हणतो महागातला वॉटरप्रूफ रंग मारू, दहा वर्षं बघायला नको. मारू का?

नका मारू, निदान आत्ता तरी नका. तुमची तक्रार रंगाची नाहीच, ती भिंतीची आहे, आणि आतून कितीही भारी रंग लावला तरी पाणी भिंतीच्या पोटातून येतंय तोवर तो टिकणार नाही, उलट रंगाचा थर जेवढा घट्ट तेवढं पाणी मागे कोंडतं आणि रंग पुरीसारखा फुगून सुटतो. तुम्ही तीनदा पैसे घातलेत, चौथ्यांदा तसेच जाऊ नयेत म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक करा. पोपडे निघालेत तिथे भिंतीवरून बोट फिरवा. पांढरी, खडबडीत, मिठासारखी पूड बोटाला लागली तर तो क्षार आहे. भिंतीतलं पाणी बाहेर येऊन वाळतं आणि क्षार मागे ठेवून जातं, तो फुलतो आणि त्याच्यावरची लांबी, म्हणजे रंगाआधी भिंत सपाट करायला लावतात ती पुट्टी, आणि रंग सगळं ढकलून देतो. मग दुसरी परीक्षा, एक फूटभर जाड प्लास्टिकचा तुकडा घ्या, भिंतीला लावून चारही कडा टेपने बंद करा आणि दोन दिवस राहू द्या. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला, थेंब धरले तर ओल आतून येतेय. बाहेरच्या बाजूला धरले तर ती खोलीतली दमट हवा आहे, तिला खिडकी उघडी ठेवणं पुरतं.

आता घराबाहेर जा आणि त्याच भिंतीची मागची बाजू बघा. बऱ्याच घरांत अंगणात नंतर पेव्हर ब्लॉक नाहीतर कोबा घातलेला असतो आणि अंगणाची पातळी जोत्याच्या वर आलेली असते, किंवा भिंतीला टेकून फुलझाडांचा वाफा केलेला असतो, पन्हळीचा पाइप नेमका तिथेच सोडलेला असतो. चिरा सच्छिद्र दगड, तो खालचं पाणी ओढून वर घेतो. हे आधी मोडायचं, उतार भिंतीपासून लांब काढायचा. त्याशिवाय आत हात लावू नका.

मग आतला गिलावा, ओल जिथपर्यंत चढलीये त्याच्या वर किमान एक फूट धरून, चिऱ्यापर्यंत फोडून टाका आणि भिंत उघडी ठेवा. घर विद्रूप दिसतं मला माहितीये, पण डिसेंबर-जानेवारीपर्यंत तिला वारा लागू द्या. क्षार कोरड्या ब्रशने झाडायचा, पाण्याने धुवायचा नाही, पाण्याने तो विरघळतो आणि परत आत जातो. नंतर वॉटरप्रूफिंग कंपाउंड घालून नवा गिलावा, त्याला नीट पाणी मारायचं, पुढे २८ दिवस तरी वाळू द्यायचा, आणि तेव्हा कुठे लांबी आणि प्रायमर. म्हणजे रंग फेब्रुवारी-मार्चमध्ये. ओल अंगणाची पातळी नीट करूनही चढत राहिली तर मात्र एकदा इंजिनिअरला दाखवा, जुन्या घरांत जोत्यात ओल अडवणारा थर बऱ्याचदा नसतोच.

आणि या दिवाळीचं काय? सैल झालेलं सगळं खरवडा, कोरडं झाडा, आणि तेवढ्या पट्ट्याला चुन्याचे दोन हात द्या, चिमूटभर नीळ घालून. चुन्यातून भिंत श्वास घेते, ओल बाहेर निघून जाते, आणि खर्च अगदी किरकोळ. बाकीच्या तीन भिंती बऱ्या असतील तर त्यांना खुशाल रंग द्या.

प्रश्न : पुण्यात टू बीएचके आहे. पेंटरने डिस्टेंपर, प्लास्टिक आणि लक्झरी असे तीन वेगवेगळे रेट दिलेत, मटेरियलसकट. फरक नक्की काय असतो आणि आपल्याला फसवत नाहीयेत हे कसं कळणार?

रंगाच्या डब्यात मुख्य चार गोष्टी असतात, पाणी, रंग देणारी पूड, भर म्हणून खडू किंवा चिनी माती, आणि हे सगळं भिंतीला धरून ठेवणारा चिकट रेझिन. सगळा खेळ या रेझिनचा आहे. डिस्टेंपरमध्ये भर जास्त आणि रेझिन कमी, म्हणून तो स्वस्त आणि म्हणून त्याची पूड सुटते. आपण ज्याला प्लास्टिक पेंट म्हणतो तो इमल्शन, त्यात रेझिन जास्त, ओल्या फडक्याने पुसता येतो. लक्झरीमध्ये रेझिन आणखी चांगलं, पांढरेपणा देणारं टायटॅनियम डायऑक्साइड जास्त, त्यामुळे दोन हातांत भिंत झाकते आणि पुसून पुसूनही चट्टे पडत नाहीत.

माझे वडील गिऱ्हाईकाच्या घरी गेले की काही बोलायच्या आधी तळहात भिंतीवर सपाट ठेवायचे, जरा दाबून खाली ओढायचे आणि हात उलटा करून दाखवायचे. हात पांढरा झाला की जुना डिस्टेंपर आहे, तो पूर्ण खरवडल्याशिवाय त्यावर प्लास्टिक पेंट मारायचा नाही. कारण नवा रंग भिंतीला धरत नाही, त्या पुडीला धरतो आणि पूड सुटली की तोही सुटतो. तुमच्या एस्टिमेटमध्ये "खरवडणे, लांबी दोन हात, पॉलिश पेपर, प्रायमर एक हात, रंग दोन हात" असं सुटं सुटं लिहून घ्या. नुसतं "रंगकाम" लिहिलेलं असेल तर पैसे देऊ नका, नंतर वाद होतात ते सगळे याच्यावरूनच होतात.

माझं स्पष्ट मत सांगू का, बजेट कमी असेल तर लक्झरी रंगावरून मधल्या दर्जाच्या इमल्शनवर या, पण लांबी आणि घासण्यात काटछाट करू नका. ओबडधोबड भिंतीवर चकचकीत रंग मारला की प्रत्येक उंचवटा दिसतो, संध्याकाळी दिवा लावला की तर जास्तच. भिंत जुनी, वेडीवाकडी असेल तर मॅट, म्हणजे बिनचमकीचा घ्या, तो झाकून घेतो. किचन, पॅसेज, मुलांची खोली आणि देवघराची भिंत, जिथे समईची काजळी धरते, तिथे सॅटिन, म्हणजे मंद चमक असलेला. फोडणीचे डाग त्यावरूनच निघतात.

आता हिशोब. १० बाय १२ ची खोली, उंची १० फूट. चारी भिंतींची बेरीज ४४ फूट, गुणिले १०, म्हणजे ४४० स्क्वेअर फूट, दार-खिडकीचे ४० वजा करा, राहिले ४००. चांगली लांबी केलेल्या भिंतीवर एक लिटर इमल्शन दोन हातांसाठी साधारण १२० स्क्वेअर फूट जातं, म्हणजे साडेतीन लिटरच्या आत काम होतं, छताला एक लिटर वेगळा. पेंटरने एका खोलीला आठ-दहा लिटर लिहिला असेल तर शांतपणे विचारा, गडद शेड असेल तर तिसरा हात लागतो हे खरंय, पण दुप्पट लागत नाही. आणि डबे तुमच्यासमोर फोडायला सांगा. बऱ्याच डब्यांत कंपनीने पेंटरसाठी ठेवलेलं बक्षिसाचं टोकन असतं, ते त्याचं त्याला घेऊ द्या, पण टोकनासाठी एखादाच ब्रँड गळ्यात मारला जातोय का एवढं बघा. पाणी किती घालायचं ते डब्यावर छापलेलं असतं, तेवढंच. जास्त पातळ केलेला रंग लावताना सरसर जातो, आणि वर्षभरात भिंत फिकट पडते.

प्रश्न : सांगलीहून. शेडकार्डवर सुंदर फिका पिस्ता होता, बेडरूममध्ये मारल्यावर हॉस्पिटलसारखा हिरवा दिसतोय. दुकानदाराने चुकीची शेड दिली का? खिडकीबाहेर आंब्याचं झाड आहे.

शेड बहुतेक बरोबरच असेल, उत्तर तुम्हीच शेवटच्या वाक्यात लिहिलंय. पानांवरून उजेड आत येतो तो हिरवट होऊनच येतो आणि तुमच्या पिस्त्यात मिसळतो. शिवाय कार्डावरचा तुकडा असतो दोन बोटांएवढा. चारी भिंती एकमेकींवर उजेड टाकतात, म्हणून कुठलाही रंग घरात कार्डापेक्षा भडक आणि गडदच वाटतो. म्हणून जो आवडला त्याच्यापेक्षा एक घर फिका घ्यायचा.

दिवेही बघा. पांढऱ्या ट्यूबखाली, डब्यावर ६५०० लिहिलेलं असतं ती, अबोली आणि बदामी मरगळलेले दिसतात, आणि ३००० वाल्या पिवळ्या दिव्यात आकाशी मळकट दिसतो. बेडरूममध्ये तुम्ही रात्री जास्त असता तर रात्रीच्याच दिव्यात ठरवा.

तुमच्या खोलीला मी मोतिया किंवा श्रीखंडाचा फिका पिवळा सुचवेन, झाडाची हिरवी झाक त्यावर फार छान बसते. पण माझ्या सांगण्यावरून बादली आणू नका, एकच लिटर आणा, नाहीतर छोटा सॅम्पल डबा, खिडकीसमोरच्या भिंतीवर दोन बाय दोन फुटाचा चौकोन दोन हात देऊन रंगवा, आणि खिडकीच्या भिंतीवर दुसरा. सकाळी, दुपारी चारला, आणि रात्री दिवा लावून, असं दोन दिवस बघा. माझ्या एका मैत्रिणीने हे केलं, पश्चिमेच्या खोलीत अबोलीचा चौकोन सकाळी अगदी दुधात केशर घातल्यासारखा होता आणि चार वाजता ऊन आलं तर पेटलेला विटकरी, तिने तो रंग उचलून पूर्वेच्या खोलीला दिला आणि आजही ती खोली बघत बसावी अशी आहे.

प्रश्न : नाशिकला जुन्या वाड्यात राहतो, सुनेला सातवा महिना आहे. बाळ यायच्या आत दारं-खिडक्या घासून नवा रंग द्यायचाय. वासाचा त्रास होईल का?

काकू, वासापेक्षा घासण्याची जास्त काळजी घ्या. घरगुती रंगात शिसं दहा लाखात ९० भागांपेक्षा जास्त नको हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. वाड्याच्या दारांवर त्याआधीच्या ऑइल पेंटचे थर असणार, त्यात शिसं असू शकतं. ते कोरडं घासलं की जी बारीक धूळ उडते ती पोटातल्या बाळाला आणि लहान मुलांना फार वाईट. सुनेला काम चालू असेपर्यंत माहेरी नाहीतर नातेवाईकांकडे पाठवाच. घासायचं ते पाणी मारून, ओल्या पेपरनेच, मशीन लावू द्यायचं नाही, आणि धूळ झाडूने न काढता ओल्या फडक्याने पुसायची. जुना थर घट्ट असेल तर सगळा काढायचा हट्ट नको, वरवर ओला घासून नवा रंग चालतो.

नवा रंग घेताना पाण्यात मिसळणारा एनॅमल मागा, टर्पेंटाइनचा वास येत नाही. भिंतींना कमी वासाचा, डब्यावर लो व्हीओसी लिहिलेला इमल्शन घ्या. तरी वाळल्यावर दोन आठवडे दारं-खिडक्या उघड्या ठेवून मगच सुनेला आणा.

प्रश्न : टच-अप केलं की ठिगळ का दिसतं?

कारण दुसरी बादली दुसऱ्या दिवशी मिक्स केलेली असते, मशीन तेच असलं तरी केसभर फरक पडतो. एका खोलीच्या सगळ्या बादल्या आधी एकत्र ढवळून मगच सुरुवात करायला सांगा. काम झाल्यावर उरलेला अर्धा लिटर पाणी न घातलेला रंग छोट्या डब्यात काठोकाठ भरा, झाकणावर मार्करने शेडचा कोड, कंपनी, फिनिश आणि कुठली खोली ते लिहा आणि सावलीत ठेवा. टच-अप करताना ठिपका न मारता एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत अख्खी भिंत रोलरने घ्या.