आधी उलटा करून बघ

प्रिय,

तुझा मेल रात्री दोनदा वाचला. तुझा तो खडकातला जीवाश्म खेकडा, एक सर म्हणतात या फॅमिलीतला, म्हणजे कुळातला, दुसरे म्हणतात त्या, थिसिसची तारीख डोक्यावर, आणि आता मी सांगायचं की दोघांत बरोबर कोण. तुझी घालमेल कळतेय गं. पण अठरा फोटो पाठवलेस आणि अठराच्या अठरा पाठीचे! खालची बाजू कुठाय? खडकात आहे म्हणतेस. मग काढ ना. आधी उलटा करून बघ, फॅमिलीवरून नंतर भांडा.

पाठ फसवते. रुंद चपटं कवच आणि पोटाखाली दुमडलेली शेपटी हा आकार वेगवेगळ्या वंशांत पुन्हा पुन्हा तयार झालाय, बोराडेल या प्राणिशास्त्रज्ञाने 1916 मध्ये त्याला कार्सिनायझेशन असं नावही दिलं. पोर्सेलिन क्रॅब बघ, दिसायला अगदी खेकडा, पण नात्याने रिकाम्या शंखात राहणाऱ्या हर्मिट क्रॅबच्या जवळचा. तो ओळखू येतो ते चालायच्या पायांच्या तीनच जोड्या दिसतात म्हणून, आणि छातीची शेवटची पट्टी बाकीच्या पट्ट्यांना जुळलेली नसते, सुटी असते म्हणून. खऱ्या खेकड्यांतही मादीचं जननछिद्र पायाच्या मुळाशी आहे की छातीच्या पट्टीवर, यावरून मोठे गट पडतात. सगळं खालीच की!

हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये. सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे एक नमुना आला होता, अंगठ्याच्या नखाएवढा, पाठीवरचे दाणे मोजता यावेत इतका सुरेख, आणि उजवीकडचा कल्ल्यांवरचा भाग डावीकडच्यापेक्षा चांगलाच फुगलेला. मी त्या फुगवट्यावर नवी प्रजाती उभी केली. पुढे दुसऱ्या कुणीतरी खालचा खडक काढला, तर छाती न् शेपटी आधीच माहीत असलेल्या प्रजातीची, आणि फुगवटा कल्ल्यांच्या पोकळीत राहणाऱ्या आयसोपॉड नावाच्या छोट्या कवचधारी परजीवीचा. मी आजाराला ओळख समजलो. आता तू म्हणशील तेव्हाच का नाही उलटा केला. पाठ तुटेल ही भीती होती, सीटी स्कॅन हाताशी नव्हता, वरिष्ठांना नाव लवकर हवं होतं, आणि तुटला असता तर बोल मलाच लागला असता. नमुना जपला हे मी आजही बरोबरच म्हणेन. पण नाव द्यायला नको होतं. नाव थांबू शकत होतं.

तुझा सातवा फोटो परत उघड. डावीकडे वर एक तपकिरी चकचकीत तुकडा आहे, बाकी सगळं मळकट राखाडी. तपकिरी ते खरं कवच, राखाडी तो आतला साचा. कवच निघून गेलं की दाणे बोथट होतात, काही खाचा उठून दिसतात तर काही गायबच होतात. दोन्ही सर बहुतेक दोन वेगवेगळ्या पृष्ठभागांवरून बोलतायत. खडक फुटला तेव्हा कवचाचा वरचा थर समोरच्या तुकड्याला चिकटून गेला असेल, तो तुकडा ठेवलायस की टाकलास? टाकला असशील तर मला खरंच राग येईल.

आणि वाद आहे म्हणून रडू नकोस. इओकार्सिनस हा जीवाश्म ज्युरासिक काळातला, 1932 मध्ये वर्णन झालं, कित्येक वर्षं सगळ्यात जुना खेकडा म्हणून मिरवला, 2010 मध्ये तो खेकड्यांतून काढून हर्मिट क्रॅबच्या गटात, म्हणजे अ‍ॅनोम्युरात टाकला, 2020 मध्ये परत खेकड्यांच्या मुळाशी आणला. प्रत्येक वेळी कुणीतरी नमुना परत हातात घेतला म्हणूनच ना?

थिसिसमध्ये फॅमिली अनिश्चित असं लिहिलंस तर कुणी मरत नाही. मी तसं लिहिलं असतं तर ते नाव आज माझ्या मागे लागलं नसतं.

पाठ पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या मेणात नीट बसव, ते नंतर पाण्यात विरघळतं, आणि मग खालून मायक्रोस्कोपखाली सुईने कण कण काढत जा, शेपटीच्या टोकाकडून सुरुवात कर. शेपटी अरुंद असेल तर नर, रुंद असेल तर मादी, तेवढं कळलं तरी थांब आणि मला कळव. फोटो काढण्याआधी अमोनियम क्लोराइडचा पातळ पांढरा थर दे, उजेड वरून डावीकडून तिरका. पाठीचे फोटो आता नकोत, ते बघून झालेत.