सॅटिन, फिल की धावदोरा?

प्रश्न : यंत्रावरच्या भरतकामाची नक्षी संगणकावर आखताना फुलाच्या पाकळ्या मी सॅटिन टाक्याने भरल्या. संगणकाच्या पडद्यावर त्या सुबक दिसतात, पण कापडावर दोरे सैल राहून बोटाला अडकतात. काय चुकले असावे?

उत्तर : पाकळीची रुंदी मोजून पाहावी. सॅटिनमध्ये दोरा मध्ये कुठेही न टोचता एका कडेहून थेट दुसऱ्या कडेला जातो; त्याची चकाकी त्यामुळेच असते आणि दुबळेपणाही त्यामुळेच. रुंदी साधारण 7 मिलिमीटरच्या पुढे गेली की दोरा लोंबू लागतो, आणि 12 मिलिमीटरच्या आसपास बहुतेक यंत्रांची एका टाक्याची मर्यादाच संपते. अशा वेळी 4 मिलिमीटर लांबीच्या टाक्याचा फिल (छोट्या टाक्यांच्या ओळींनी जागा भरण्याचा प्रकार) निवडता येतो, किंवा सॉफ्टवेअरला लांब टाके आपोआप तोडायला सांगता येते. मात्र दोन्हींत चकाकी कमी होते. मी स्वतः पाकळी मधल्या शिरेवर दुभागून दोन्ही अर्ध्या भागांत सॅटिनच ठेवतो आणि टाके शिरेकडे तिरपे उतरवतो. दोन्ही बाजूंवर उजेड वेगवेगळा पडतो आणि शीर न भरताच उठून दिसते.

प्रश्न : टी-शर्टवर फिलने भरलेले वर्तुळ लंबगोल होते आणि बाह्यरेषेपाशी फट पडते. टाका बदलू की घनता वाढवू?

उत्तर : दोन्ही नको. टाके ज्या दिशेने पडतात त्या दिशेने कापड आत ओढले जाते, म्हणून घनता वाढवली तर ओढही वाढते. (पहिला हात मात्र सर्वांचा घनतेकडेच जातो!) नेहमीच्या 40 नंबरच्या दोऱ्याला ओळींमध्ये 0.4 मिलिमीटर अंतर पुरते. फिलखाली कडेने एक धावदोरा आणि वरच्या टाक्यांना आडवा असा विरळ अंडरले (आधारासाठी आधी घातलेला टाक्यांचा थर) द्यावा, ओढीची भरपाई (ओढ धरून आकार आधीच थोडा रुंद ठेवणे) 0.2 ते 0.4 मिलिमीटर ठेवावी आणि ताणल्या जाणाऱ्या कापडामागे फाडून काढायचे नव्हे, तर कापून काढायचे बॅकिंग, म्हणजे आधाराचे अस्तर, लावावे.

प्रश्न : 4 मिलिमीटर उंचीची अक्षरे सॅटिनमध्ये जमतील का?

उत्तर : दांडी 1 मिलिमीटरपेक्षा अरुंद असेल तर सुईची भोके इतकी जवळ येतात की कापडच कापले जाते. तेथे साधा धावदोरा बरा. सॅटिनचाच आग्रह असेल, तर 60 नंबरचा बारीक दोरा आणि 65/9 ची सुई घ्यावी.